तोताराम नानांची तब्येत

“आजारी? मी?” तोताराम नाना हसले. “जमादार, मले काय धाड भरली?”

त्यांच्या खांद्यावर केळीचा भलामोठा घड होता. भोवती चार मजूर आणि माल बघायला आलेला सावद्याचा व्यापारी पुखराजशेठ. अठ्ठ्याऐंशी सालचा पौष महिना. मी भाईदास, सावद्याच्या चौकीतला हवालदार, मूळचा शिंदखेड्याचा. माझ्या हातात फौजेतून आलेला कागद होता. नानांचा एकुलता मुलगा लोटन सरहद्दीवर, बर्फातल्या ठाण्यावर होता. ‘वडील अत्यवस्थ, ताबडतोब पाठवा’ अशी तार त्याच्या पलटणीला पोचली होती. ती खरी की खोटी, एवढंच मला पाहून लिहायचं होतं.

असले कागद महिन्याला एखाददुसरा यायचाच. पोराला रजा मिळत नाही, मग घरून तार जाते, हे आम्हालाही ठाऊक आणि पलटणीलाही. एरवी मी चौकीत बसल्या बसल्या ‘तार खरी’ लिहून चहा मागवायचो. पण नवे साहेब आले होते आणि नव्या साहेबांना सगळं जागेवर जाऊन हवं असतं. गेलो, तर अत्यवस्थ माणूस हा असा ठणठणीत.

मी त्यांना बाजूला ओढलं. गडबडलो की माझी घरची बोली बाहेर येते. “नाना, तुमना आंगमा ताप शे ना? घर चला, बसीसन बोलू.”

“ताप काहून राहीन? पोयाच्या सनापासून मले शिंक नही आली.”

शेवटी तारेचं सांगावंच लागलं. मजूर थांबले, शेठ ऐकू लागला. नानांनी घड खाली ठेवला.

“फौजीत खोटं चालत नही. खरं तेच लिहा, जमादार. मी सही करतो.”

तेवढ्यात बांधावरून त्यांची बायको सुगंधाबाई धावत आली. पोलीस शेतात गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तार तिनेच नवऱ्याला न सांगता, पुतणीला पाठवून केली होती. तिने कमरेची पिशवी उघडून एक पत्र माझ्या हातात दिलं. मी ते नानांना ऐकू जाईल असं वाचलं.

‘आई, दोनदा रजा रद्द झाली. झोप लागत नाही, घास उतरत नाही. सुभेदार सगळ्यांसमोर आईबापावरून बोलतो. आम्ही तिघं होतो, त्यातला एक बर्फात गेला. त्याची वळकटी अजून माझ्या शेजारीच आहे. पहाऱ्यावर बंदूक हातात आली की मला माझीच भीती वाटते. काहीही कर, पण मला बोलव.’

“यायले बिमार लिहा,” सुगंधाबाई म्हणाली. “नहीतं मले मेली लिहा. पन पोराले येऊ द्या.”

नानांनी पत्राकडे पाहिलं. मग त्यांची नजर शेठकडे गेली. “नवीन नवीन समद्यायचीच पोरं झुरतात. होईन सवय. आना तो कागद.”

शेठने मान डोलावली. नानांनी सही केली.

मला तो कागद फाडता आला असता. साहेब ओरडले असते, फार तर बदली झाली असती. मी लिहिलं, ‘वडील शेतात काम करताना आढळले. प्रकृती उत्तम.’ अक्षरही वळणदार काढलं. त्याची मला आजही लाज वाटते.

ज्येष्ठात दोन जवान लोटनला घेऊन चौकीत आले. त्याला घरी पोचवल्याची नोंद त्यांना हवी होती. तार खोटी ठरल्यावर त्याला साऱ्या कंपनीपुढे उभं करून खोटारडा म्हटलं, असं त्यांतल्या एकाने मला हळूच सांगितलं. त्यानंतर तो बोलेना, जेवेना. एका सकाळी त्याच्या हातातून बंदूक हिसकावून घ्यावी लागली. मग चार महिने फौजेचा दवाखाना आणि आता नोकरीतून मोकळीक. बावीस वर्षांचं पोर बाकावर बसलं होतं. सदऱ्याच्या गळ्यात आणखी एक मान मावली असती.

“जेवला का रे?” मी विचारलं. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्या घरी गेलो. सकाळचे दहा वाजले होते. सगळं गाव शेतात, आणि नाना ओट्यावर खाटेवर पडलेले. अशा उकाड्यात अंगावर घोंगडी. जवळ पुखराजशेठ बसला होता.

“माह्यानं आता होत नही, शेठ,” नाना म्हणत होते. “छातीत दुखते. म्हनून पोराले फौजीतून बोलावून घेतलं. तो येत नोहता. मीच म्हनलं, सोड नोकरी.”

“पण गावात तर म्हणतात, पोराच्या डोक्याचं काही...”

“गावाले काय कयते? या जमादारले इचारा.”

दोघंही माझ्याकडे बघू लागले.

“खरं आहे शेठ,” मी म्हणालो. “त्या दिवसानंतर दुसरा कागद माझ्याच हातून गेला. तेव्हा नाना फार अत्यवस्थ होते.”

शेठ उठून गेला. मी पाणी मागायला आत गेलो, तेव्हा सुगंधाबाई हलक्या आवाजात म्हणाली, “उजाडल्यापासून दिवस बुडेलोक असेच पडेल राहतात. पंधरा दिवस झाले, वावराचं तोंड पाह्यलं नही.”

बाहेर दोन बायका वाटेने चालल्या होत्या. त्यांना पाहून नाना खोकले. त्यांना नीट खोकताही येत नव्हतं. घोंगडीखाली सदरा घामाने चिंब झाला होता.

लोटन आतून तांब्या घेऊन आला. खाटेच्या कडेला बसून त्याने एका हाताने बापाची मान उचलली आणि घोट घोट पाणी पाजू लागला. नाना डोळे मिटून पीत राहिले.