पोळ्याचा पहिला बैल

सदुसष्ट सालच्या पोळ्याला शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात दोन बैल एकदम वेशीत घुसले आणि अडकून बसले. एक माझ्या काकांचा, जीवरामनानांचा. दुसरा कौतिक पाटलाचा. तोरण तोडायचा पहिला मान आपलाच, यावर दोघेही ठाम. बैल सोडवायला वेशीचे दोन दगड काढावे लागले. माणसं सोडवणं त्याहून अवघड गेलं.

कौतिक नानांना उपरा म्हणायचा. शेवटी त्यानंच पंचांना तोड सुचवली: मान थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या मुलाच्या वंशाचा, तेव्हा ज्याचा थोरला आजोबा गावच्या जन्माच्या वहीत सापडेल, त्याचा बैल पहिला. दोघांनी मारुतीला हात लावून कबूल केलं.

मी धुळ्याला रेकॉर्डात कारकून, आणि मोडी वाचणारा घरात एकटाच. म्हणजे बळीचा बकरा ठरलेलाच! पण नानांना नाही म्हणवेना. त्यांच्या वडिलांनी मरताना जमिनीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, ‘पहिला बैल सोडू नको’ एवढंच म्हणाले होते. त्या एका वाक्यापायी नाना वर्षभर वाळले.

नव्वद वर्षांपूर्वीच्या वह्या लाल रुमालात बांधलेल्या. त्या वह्यांत पोराचं नाव नसायचं, कारण नोंद आधी आणि बारसं मागून. नुसतं ‘अमक्यास प्रथम मुलगा झाला’, ‘द्वितीय मुलगा झाला’. आमच्या खापरपणजोबांना तीन मुलगे आणि दोन मुली झालेल्या सापडल्या, पण सगळ्यांत थोरला, नानांचा आजोबा तोताराम, काही जन्मेना. वाळवीनं खाल्लेली पानंही मी भिंग लावून वाचली. कौतिकचा आजोबाही सापडला नाही. तसं सांगितलं तर तो माझ्या मोडीवरच संशय घेऊ लागला.

पुढचा पोळा आठवड्यावर आला, तेव्हा नानांची थोरली बहीण बेबाबाईअक्का माहेरी आली. आमची लांब तोंडं पाहून तिनं कपाळावर हात मारला.

“अरे येडास्वन, पहिलं बाळंतपण कोठे होस? माहेरले! तोताराम आजा आठे कसा जलमी?”

चार शिकलेले पुरुष वर्षभर वह्यांच्या मागे होते, पण थोरलं पोर इथं नाही, आईच्या माहेरी जन्मतं, हे घरातल्या बाईला विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली. तापीपलीकडे, शिरपूरच्या बाजूला, खापरपणजीचं माहेर होतं. दोन दिवसांत तिथली नोंद मिळाली. थोरलेपणाचा पुरावा मिळाला म्हणून नक्कल छातीशी धरून नाना चावडीत गेले.

कौतिकनं ती दोनदा वाचून घेतली आणि मांडीवर थाप मारली. “मी काय सांगत व्हतू? तापीपल्ल्याडना शे! उपरा!”

नाना खांबाला टेकून खाली बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात दारातून अक्काचा आवाज आला.

“कौतिक, तुना आजा थोरला का धाकला?”

“थोरला.”

“मंग तो कोठे जलमना?”

कौतिक टोपी काढून डोकं खाजवू लागला.

“बठ्ठा थोरला आपापली मायना माहेरले जलमनात,” अक्कानं सगळ्याच थोरल्यांचा निकाल लावला. “जेनी माय याच गावनी लेक, तोच आठे जलमना.”

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सगळी चावडी मागं वळली. मागं निंबा तंबाखू मळत बसला होता. त्याची पणजी याच गावची लेक, पणजोबा घरजावई म्हणून आला होता, आणि तीन पिढ्या गावानं त्या घराला ‘घरजावयाचे’ म्हणूनच हिणवलं होतं. मी वह्यांतल्या नोंदींचं माझं टिपण काढलं. पाच मिनिटांत नोंद सापडली: ‘घरजावई झिपा यास प्रथम मुलगा झाला.’

मारुतीला हात लावून झाला होता. आता बोलणार कोण?

पोळ्याला निंबाचा एकुलता, हाडं मोजता येतील असा बैल सगळ्यांत पुढे निघाला. निंबाची म्हातारी आई वेशीपाशी पदर डोळ्यांना लावून उभी होती. नानांनी मात्र गर्दीतून येऊन माझी बाही ओढली.

“भाऊ, दुसरा नंबरना काही कागद भेटस का रे?”