मुद्दाम केलं नव्हतं

“एवढं एकच वाक्य आहे,” मोठ्या बाई कागद पुढे सरकवत म्हणाल्या. “झोका नादुरुस्त आहे हे माहीत असूनही मावशींनी मुलाला त्यावर बसवलं. खाली सही करा, की विषय संपला.”

बाई उभ्याच होत्या. बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर बावीस वर्षं बसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, पण या खोलीत त्यांना ‘बसा’ म्हणायचं कधी कुणाला सुचलं नव्हतं.

“पण त्याला मी बसवलं होतं,” बाई म्हणाल्या. “सकाळपासून आईसाठी रडत होता. म्हटलं, दोन झोके दिले की गप्प होईल.”

“ते माहितीये हो मला. पण मावशी काय, रोजंदारीवर आहेत, दुसरीकडे कुठेतरी लागतील. तुमचं नाव आलं की चौकशी आलीच. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत ना तुमचे? बघा, मी काही जबरदस्ती करत नाही.”

हे शेवटचं वाक्य मोठ्या बाई जबरदस्ती करतानाच वापरत.

झोक्याचा डावीकडचा आकडा झिजलाय, हे मावशींनी झोका तुटायच्या आदल्याच दिवशी बाईंना सांगितलं होतं. शाळा झाडायची, मुलांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे हे मावशींचं काम. आकड्यांकडे बघणं त्यात नव्हतं, तरी त्या बघत. बाईंनी ऐकलं, मान हलवली आणि विसरून गेल्या. मुलाचा हात दोन ठिकाणी मोडला.

बाईंनी सही केली.

आता यातलं बाईंना कळत नव्हतं असं मुळीच नाही. बरं-वाईट माणसाच्या डोक्यात कसं शिरतं हे बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता. तीन वर्षांच्या पोराला आई रागावली की ते वाईट, हसली की चांगलं, संपलं. चार वर्षांचं पोर नुकसान मोजतं. मदत करायला जाऊन रंगाची अख्खी बादली सांडणारा त्याच्या लेखी महागुन्हेगार. आणि मुद्दाम चिमटा काढणारा साव, कारण चिमट्याचं काही दिसत नाही. मग सहाव्या वर्षाच्या आसपास कधीतरी एखादं पोर उठून उभं राहतं आणि म्हणतं, “बाई, त्यानं मुद्दाम नाही केलं.” वर्षाकाठी असं एकदा-दोनदाच होई. त्या दिवशी बाई घरी गेल्यावर स्वतःसाठी दुसरा कप चहा टाकत.

यंदा ते वाक्य पहिल्यांदा बोलली ती एक किडमिडीत, पुढचे दोन दात पडलेली मुलगी. जिथे तिथे “पण का?” म्हणून तोंड घालायची, म्हणून बाईंनीच तिचं नाव ‘वकील’ पाडलं होतं. झोका तुटला तेव्हा वकील शेजारच्या घसरगुंडीवर बसलेली होती.

सही करून बाई वर्गात आल्या, तर ती दारातच उभी.

“सांगितलंत मोठ्या बाईंना?”

“काय गं?”

“तुम्ही बसवलं ते. तुम्ही मुद्दाम नाही ना केलं? मग सांगून टाका. मुद्दाम नसेल तर सॉरी म्हणायचं आणि मदत करायची. तुम्हीच तर सांगता.”

“मोठ्या माणसांचं वेगळं असतं, बाळा.”

“पण का?”

बाईंनी तिला जागेवर बसायला सांगितलं. त्यांना इतकी लाज वाटत होती, की फळ्यावर तारीख लिहिताना महिनाच चुकला.

दुपारी मुलाचे वडील आले. साधा माणूस, आवाज चढवण्याचीही त्याला सवय नव्हती. मोठ्या बाई त्याला वर्गात घेऊन आल्या. “मला फक्त खरं कळायला हवं,” तो म्हणाला आणि मुलांसमोर उकिडवा बसला. “त्याला झोक्यावर कोणी बसवलं, तुमच्यापैकी कुणी बघितलं का?”

वकील उभी राहिली. बाईंना एकदम सुटल्यासारखं वाटलं. सांग पोरी, एकदाचं सांगून टाक. मुलीनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. बाईंचे डोळे भरून आले होते.

“मावशींनी,” ती म्हणाली.

“शहाणी गं माझी!” मोठ्या बाई म्हणाल्या.

बाईंना अजूनही बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. त्या खुर्चीवरून उठल्या, आणि तो माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या.

शाळा सुटताना त्यांनी वकिलाला जवळ घेतलं. “असं का सांगितलंस?”

“तुम्ही रडणार होतात ना, म्हणून.”

दुसऱ्या दिवशी मावशींना काढलं. किल्ल्या परत करायला आल्या तेव्हा फाटकाशी बाईंची गाठ पडलीच.

“बाई, आकड्याचं मी सांगितलं होतं ना तुम्हाला?” मावशींच्या आवाजात भांडण नव्हतं. “की राहूनच गेलं सांगायचं? सगळेच म्हणतायत, तर मला आता आठवेनासं झालंय. लेकराचा एवढासा हात हो.”

“जाऊ द्या आता ते,” बाई म्हणाल्या.

आठवडाभरानं चित्रकलेच्या तासाला वकिलाचा पाण्याचा पेला कलंडला. शेजारणीचं चित्र भिजून गेलं. शेजारीण भोकाड पसरून रडायला लागली.

“कुणी सांडलं गं?” बाईंनी विचारलं.

“मावशींनी,” वकील म्हणाली. जराही अडखळली नाही.

“अगं, मावशी तर गेल्या ना?”

“म्हणून तर,” मुलगी समजावल्यासारखं म्हणाली. “आता त्यांना कोण रागावणार?”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “हो बाई, मावशींनीच सांडलं.” मग आणखी दोघं-तिघं म्हणाली. रडणारी शेजारीणही डोळे पुसत पुसत मान हलवायला लागली.

बाई फडकं शोधायला कपाटाशी गेल्या. मावशी ते कुठे ठेवत, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःचा रुमाल काढला आणि टेबल पुसायला घेतलं.