दोऱ्याचं टोक

“आत काय ठेवलं होतं? बोल की गं, डॉक्टरीणबाईंना कळायला नको?” शिरूरच्या दवाखान्यात सिस्टरनं तिसऱ्यांदा विचारलं.

तापानं फणफणलेल्या अंजनानं तोंड भिंतीकडं फिरवलं. पलंगाशी तिचा नवरा नवनाथ उभा होता. रांजणगावची शिफ्ट टाकून, कंपनीच्या शर्टातच धावत आलेला. त्याच्यादेखत ती काय बोलणार?

पण तिच्या आईला, रंगुबाईला, सगळं ठाऊक होतं. घोड नदीकाठच्या गावात चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई. अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाया मागच्या दारानं यायच्या. रंगुबाई त्यांना तुरटी-लसणाची पुरचुंडी मलमलीत बांधून द्यायची, आत ठेवायला; ओढून काढायला दोऱ्याचं टोक बाहेर. बांधताना ओठांत ओवी असायची:

बाईचं दुखणं, बाईनं झाकावं
पदराच्या गाठीमंदी, गुपित राखावं

लेक तेच दुखणं, तीच आग घेऊन माहेरी आली, तिलाही तीच पुरचुंडी. लग्नाला दोन वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. आग थांबली की दिवस राहतील, एवढीच आईची आशा.

तिसऱ्या दिवशी अंजना घाबरून म्हणाली होती, “आये, दोरा तुटला. फडकं आतच ऱ्हायलं गं.”

“पडंल आपसूक. कुनापाशी बोलू नगं.”

त्याला आज पंधरा दिवस झाले होते.

“जावईबापू, जरा भाईर...” रंगुबाई म्हणाली आणि थांबली. “न्हाई. तुमी बी ऐका. सिस्टर, पुरचुंडी म्याच दिली. दोरा तुटला, फडकं आत हाय. आन् हिला गप बी म्याच बसवलं.”

सिस्टर डॉक्टरीणबाईंकडं धावली.

अंजना वाचली. पण पू आतवर चढला होता. मूल राहणं आता अवघड, असं डॉक्टरीणबाईंनी हलक्या आवाजात सांगितलं. नवनाथनं सासूपुढं पाण्याचा तांब्या ठेवला, तेवढंच.

महिन्याभरानं शेजारची सिंधूबाई मागच्या दाराशी आली. “मावशी, पुडी बांधा की. लई आग हुतीया.”

रंगुबाईनं पायांत वहाणा सरकवल्या. “चल, शिरूरला. यष्टी घावंल.”

“अगं बया! तितं काय सांगू?”

“तू नगं सांगू. म्या सांगती.”

बाभळीखाली दोघी यष्टीची वाट बघत उभ्या राहिल्या. रंगुबाईची बोटं सवयीनं पदराच्या टोकाला गाठ मारत होती, आणि मारलेली गाठ पुन्हा सोडत होती.