चौथा खांदा

मी बाज बोलतेय. बोरी अरबच्या कांताबाईच्या परसात, कडुलिंबाखाली टाकलेली जुनी बाभळीची बाज. माझ्यावर आता मिरच्या वाळतात, कोंबड्या येऊन बसतात. पाहुणा आला तर त्याला खुर्ची देतात, मला कोणी पुढे करत नाही. तरी दोन घटका थांबलात तर सांगेन म्हणते. त्यात माझं थोडं आणि देवसिंगचं फार आहे.

१९५६ सालच्या आषाढात गावच्या सुतारानं मला घडवलं. देवसिंगनंच घडवून घेतलं. त्याची बायको जमनी पहिलटकरीण होती आणि बाळंतिणीला ओल्या भुईवर निजवायचं नाही, असा त्याचा हट्ट. सुतारानं चार पाय आणि चौकट करून दिली. दोरी मात्र जमनीनं स्वतः वळली. अंबाडीची. तिच्या बंजारा तांड्यात बायका विणतात तशी चौकडीची वीण तिनं माझ्यावर घातली. विणताना ती पोटातल्या लेकराशी त्यांच्या गोर बोलीत काहीबाही बोलत राहायची. माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द तेच.

दुसरं बोलायला होतंच कोण तिला? देवसिंग मागं एकदा मिशनच्या दवाखान्यात तीन महिने पडून होता, तिथून तो येशूचं नाव घेऊनच परतला. जमनीनंही त्याच्याबरोबर बाप्तिस्मा घेतला. तांड्यानं त्यांना शिव्या दिल्या नाहीत की काठी उगारली नाही. बोलावणं तेवढं थांबलं. होळीला डफ वाजायचा, बायका फेर धरायच्या, आणि ही दोघं गावाच्या कडेला, नदीजवळच्या झोपडीत दार लावून बसायची. जमनीचे पाय मात्र आतल्या आत ताल धरायचे.

गावात ख्रिस्ती घरं मोजकी. दर गुरुवारी संध्याकाळी ती भगवानरावांच्या ओसरीत जमत. भगवानराव कापूस पेरणारे, बोलायला तापट पण मनानं सरळ. त्यांची बायको विमलताई. नवऱ्यामागे एकटीनं मुलगा वाढवणारी कांताबाई. आणि कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम असलेले मारोतराव. पाळकसाहेब दारव्ह्याहून महिन्यातून एकदा सायकलवर येत. बाकीचे दिवस यांनीच एकमेकांना सांभाळायचं. याला ते ‘संगत’ म्हणत. मारोतरावांचा आवाज मोठा, प्रार्थना त्याहून मोठी. गीत तेच सुरू करत, कुणी कुठं बसायचं तेही तेच सांगत.

श्रावणात जमनीला कळा लागल्या. दिवस कलायला आला तरी सुटका होईना. सुईण म्हणाली, “माया हातचं नाही राह्यलं. दवाखान्यात न्या.”

दवाखान्याची वाट अडाण नदीपलीकडून, आणि नदी भरून चाललेली. छातीभर पाण्यातून बाज न्यायची तर चार कोपऱ्यांना चार माणसं हवीत. भगवानराव धावत आले. तांड्यातून देवसिंगचा चुलतभाऊ रामधन आला, कुणाला न सांगता, डोक्यावर घोंगडी घेऊन. देवसिंग स्वतः धरून तिघं झाले. चौथ्यासाठी भगवानराव मारोतरावांच्या दारी गेले. तिथं काय झालं ते त्यांनी परत आल्यावर माझ्याजवळ उभं राहूनच सांगितलं.

“मुकादम म्हंते, पाणी उतरू द्या. अशात गेलो त पाचही जीव जातीन.”

मारोतराव खोटं बोलले नव्हते. पाणी खरंच वाईट होतं. तिघांनी मला उचलून काठापर्यंत नेलं, पाण्यात पाय घातला, आणि माझा रिकामा कोपरा खाली कलंडला. जमनी घसरू लागली. त्यांनी मला माघारी आणलं. “याडी, याडी,” म्हणून ती मेलेल्या आईला हाका मारत होती. माझ्या दोरीत तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. पाणी उतरलं तेव्हा मुठी सुटल्या होत्या. लेकरूही तिच्याबरोबर गेलं.

त्यानंतर देवसिंग माझ्यावर कधी निजला नाही. मला भिंतीला टेकवून तो भुईवर निजायचा. गुरुवारी संगतीला जायचंही त्यानं सोडलं. माणसाच्या घरात बाज उभी असली की घर अर्धं रिकामं दिसतं.

एका गुरुवारी अंगणात पावलं वाजली. कांताबाई पुढे, तिच्या हातात कंदील; मागून भगवानराव आणि विमलताई.

“तू येत नाहीस, त आमीच आलो,” कांताबाई म्हणाली आणि कुणाची वाट न पाहता अंगण झाडायला लागली. त्या दिवसापासून संगत देवसिंगच्या अंगणात भरू लागली.

पुढे एकदा मारोतरावांनी शास्त्र वाचलं. चार माणसं एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून आणतात आणि गर्दीमुळे दार सापडत नाही, म्हणून छप्पर उकलून त्याला येशूपुढे खाली सोडतात. सगळे आमेन म्हणाले. देवसिंग म्हणाला नाही. तो माझ्याकडे पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला भिंतीजवळून काढलं, धुतलं, सैल दोऱ्या ताणल्या. कांताबाईचा पोरगा तापानं फणफणत होता. त्याला दवाखान्यात न्यायला देवसिंग मला डोक्यावर घेऊन तिच्या दारी गेला. तिथून ते सुरूच झालं. सर्प डसलेला गुराखी, विहिरीत पडलेली सासुरवाशीण, मशिदीजवळचा म्हातारा पिंजारी. जात-धर्म न विचारता तो जायचा, आणि वाटेत दिसेल त्याला “खांदा दे ना गा भाऊ” म्हणायचा. लोक द्यायचे. तांड्यातलेही देऊ लागले. माझ्याखाली चालताना माणसं भांडत नाहीत, हे मी पाहिलंय. पाऊल जुळवावंच लागतं.

तीनेक वर्षांनी पाळकसाहेब म्हणाले, संगतीला एक वडील निवडा, म्हणजे सगळ्यांची विचारपूस करणारा एक माणूस राहील. मारोतराव त्या संध्याकाळी माझ्यावर बसले होते. नेहमी तेच बसत, बाकीचे पोत्यावर. पगडी त्यांनी नीट बांधली होती.

कांताबाई म्हणाली, “माया पोरासाठी जो बाज घेऊन आला, तोच आमचा वडील.”

“मले बोलता नाही येत,” देवसिंग गडबडला.

मारोतराव उठले. “तुमाले पुढारी नाही, हमाल पाह्यजे!”

“हमालच पाह्यजे असन,” देवसिंग हळू म्हणाला, “त मी आहो.”

मारोतराव गेले ते गेलेच. नंतर कुठल्याही गुरुवारी आले नाहीत. रस्त्यात देवसिंग दिसला तर ते गल्ली बदलत.

१९६१च्या उन्हाळ्यात मारोतराव विहिरीच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी महिनाभर ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, घरी न्या, हाड जुळेस्तोवर पडून राहू द्या. बायको आधीच वारलेली. नागपूरचा मुलगा चार दिवस राहिला आणि नोकरीवर परत गेला. ज्यांच्यावर त्यांनी मुकादमी केली त्यांतलं कुणी फिरकलं नाही.

देवसिंग सकाळी मला डोक्यावर घेऊन त्यांच्या घरी गेला. मारोतरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

पडून असलेल्या माणसाला उठता येत नाही. त्याच्यासाठी बाजेच्या मधोमध मोकळी जागा ठेवावी लागते आणि खाली भांडं. देवसिंग माझ्याजवळ उकिडवा बसला. जमनीची वीण तशीच होती. त्यानं खिशातून चाकू काढला, पुन्हा ठेवून दिला. मग नखांनी एकेक गाठ सोडवत मधली चौकडी उकलली. दोरी त्यानं कापली नाही. उकललेला भाग गुंडाळून बाजूला बांधून ठेवला. त्या सबंध वेळात त्यानं मान वर केली नाही.

मग रोज तेच. भांडं काढणं, अंग पुसणं, पाठीला तेल लावणं. कांताबाई भाकर आणि तुरीचं वरण पाठवायची, विमलताई धुणं न्यायची. मारोतराव कधी बरं म्हणाले नाहीत. वरण पातळ झालं, पाणी गार आहे, हात जपून लाव. मुकादमी सुटली नव्हती.

एकदा भगवानरावांना राहवलं नाही. मारोतरावांच्या ओसरीतच देवसिंगला धरून ते म्हणाले, “ज्यानं तुह्या जमनीले खांदा नाही देल्ला, त्याचं गू काढून राह्यला तू? काहून?”

“रोज सकायी पाय मागं वयते, भाऊ,” देवसिंग म्हणाला. “रोज वाट्टे, आज नाही जात. देवाले सांगून टाकलं म्या, का हे प्रेम नोय. हे काम होय. प्रेम मागून आलं त येऊ दे.”

भिंत मातीची, पातळ. आत मारोतरावांची बोटं माझ्या दोरीत रुतली. दुपारभर ती तशीच होती. त्या दिवशी वरणाला त्यांनी नाव ठेवलं नाही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी देवसिंग आला नाही. ऊन दारात आलं, दारातून आत आलं.

“कुठी मेला हा?” मारोतराव पुटपुटले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले, पण आवाज वेगळा होता. मग ते नुसते दाराकडे पाहत राहिले.

दुपारी त्यांनी माझी चौकट धरली आणि स्वतःला खाली सोडलं. हाड मोडलेला माणूस भुईवर पडतो तेव्हा कसा आवाज निघतो, ते मला सांगवत नाही. कोपरांवर सरपटत ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि जिनिंगच्या यंत्रांच्या घरघरीतही ऐकू जायचा त्या आवाजात ओरडले, “अरे, देवसिंगच्या घरी कोणी जा रे!”

बाजार करून येणाऱ्या कांताबाईनं ते ऐकलं. डोक्यावरची टोपली तिथंच ठेवून ती पळाली. परत आली ती भगवानरावांना घेऊनच, पदरानं डोळे पुसत.

“तापानं भुईवर पडला हाय. घागरीत पाणी नाही. चूल कवाची पेटली नाही, देव जाणे.”

तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. कांताबाईला वाटायचं, देवसिंग भगवानरावांकडे जेवतो. विमलताईला वाटायचं, कांताबाई त्याला वाढते. जो सगळ्यांची विचारपूस करतो, त्याला विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

भगवानराव मारोतरावांना उचलून माझ्यावर ठेवू लागले. मारोतरावांनी त्यांचा हात धरला.

“मले भुईवरच राहू द्या. बाज त्याले न्या.”

“हाड सरकन तुमचं.”

“सरकू दे. तवा मी गेलो नाही. आता हे बाज तरी जाऊ द्या.”

भगवानरावांनी पोत्यावर पोतं अंथरून मारोतरावांना नीट निजवलं, आणि मग मला उचललं.

देवसिंग डोळे मिटून पडला होता. मला पाहून त्यानं मान हलवली. “मले नका उचलू. भुई बरी हाय.”

कांताबाई त्याच्याजवळ बसली. “साऱ्यायले तू उचलते. अन् आमी हात लावला त तुले भारी होते? हा बी गर्वच होय, देवसिंग.”

त्यांनी मधल्या मोकळ्या जागेवर गोधडी टाकून त्याला माझ्यावर निजवलं. त्याचा हात कडेच्या विणीवर पडला. बोटं चौकडीवरून फिरली, आणि तो मोठ्यानं रडला. जमनी गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. कांताबाईनं त्याला चमच्यानं पेज भरवली आणि त्यानं भरवू दिली.

देवसिंग उठला. मारोतरावांचं हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. दोघांची मैत्री झाली, असं मी म्हणणार नाही. मारोतराव गुरुवारी येत आणि मागं, पोत्यावर बसत. मात्र रोज सकाळी काठी टेकत झोपडीच्या दाराशी येत आणि विचारत, “आहे का?” आतून देवसिंग म्हणे, “आहो.” तेवढं ऐकून ते परत जात. दोन पावसाळे त्यांनी हे केलं. मग एका सकाळी काठी वाजली नाही. देवसिंगच धावत गेला, पण ते झोपेतच गेले होते.

१९६४ साली ढाणकीकडच्या एका तांड्यातून निरोप आला. तिथं तीन घरांची नवी संगत होती, आणि त्यांच्या बोलीत बोलणारं कुणी हवं होतं. देवसिंग निघाला. कांताबाई म्हणाली, “बाज घेऊन जाय. मोटारीच्या टपावर चढवून देऊ.”

“तठी बी बाभयीचे झाडं आहेत,” तो म्हणाला. “हे अठीच असू द्या.”

गावच्या फाट्यावर उमरखेडची मोटार आली आणि गेली. तो पुन्हा आला नाही. तिकडून येणारे सांगतात, अजून आहे, केस पिकलेत.

आता गावात प्रार्थनेचं पक्कं घर झालंय. वर टिन, आत बाकं. दवाखान्याची जीप दारापर्यंत येते. चांगलंच झालं. माझ्याविना कुणाचं अडत नाही, याचं मला दुःख नाही.

दुःख दुसरंच आहे. कांताबाईचे गुडघे धरलेत. तिचा मुलगा बल्लारपूरला कामाला गेलाय. प्रार्थनेच्या घरापर्यंत तिला चालवत नाही. आज गुरुवार. तिनं लुगडं बदललं, मिरच्या बाजूला सारल्या आणि ती माझ्यावर येऊन बसली आहे. पलीकडून गीताचे सूर येतात. तिला पाठ आहेत. ती ओठ हलवते. गीत म्हणणाऱ्यांना वाटत असेल, तिच्याकडे दुसरं कुणी गेलं असेल.

तुम्ही वाटेनं चाललाच आहात, तर फाटक लोटून आत या. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. तिच्याशेजारी बसा. माझी दोरी सैल झालीय, पण दोघांना मी अजून पेलते.