नाकावरचे खड्डे

नाकाला टेकणाऱ्या त्या इवल्याशा गादीखाली हिरवं काहीतरी साचलं होतं – कातडीचं तेल, घाम, तारेचा गंज, सगळं मिळून एक मऊ मेण – आणि टाचणीने उकरलेलं ते तिच्या बोटाला लागलं तसं रोजच्यासारखंच तिने तोंड फिरवलं. चष्म्याच्या दुकानात चार वर्षं काढून, दिवसाला वीसवीस चष्मे पुसूनही माणसाच्या नाकावरची ही घाण काही अंगवळणी पडली नव्हती. बाळंतपणानंतर तर नाक आणखीच तिखट झालेलं. आणि काउंटरपलीकडे उभी असलेली म्हातारी तोच चष्मा देताना काचेवर थुंकून पदराने पुसून बसली होती...

"काडी मोडलीय बघ पोरी. भिंगं चांगली आहेत. नुसती दुसऱ्या फ्रेममध्ये बसवून दे."

म्हातारीने पिशवीतून एक चिठ्ठी काढली, तुरुंगाच्या शिक्क्याची. कैद्याला चष्मा देण्यास परवानगी. त्याखाली नाव.

ते नाव ती पाच महिने ऐकत होती. स्वयंपाकघरात, बातम्यांत, सासूबाईंच्या शिव्याशापांत.

तिने बोट झटकन फडक्याला पुसलं. पुन्हा पुसलं. म्हणजे ही घाण त्याची. समोरच्या बसथांब्यावर बॉम्ब ठेवून अकरा माणसांच्या चिंध्या करणाऱ्याची... त्या अकरांत तिचा धाकटा दीर, दुकानाच्या दारात तिला डबा देऊन, "वहिनी, आज मीठ आईच्या हातचं आहे, जपून!" म्हणत थांब्याकडे वळलेला. त्याआधी वीसच मिनिटं तो माणूस इथे, याच काउंटरवर उभा होता, चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून. तिने आवळून दिला. आता पडणार नाही, असंही वर म्हणाली. मग काचेतून पाहिलं, तो थांब्यावरच्या बाकाखाली पिशवी सारत होता, आणि तिला वाटलं – विसरणार हा बहुतेक!

पोलिसांनी ओळख पटवायला नेलं तेव्हा आठ जण ओळीत उभे केले होते, चष्मा असेल त्याचा काढून घेतलेला. तिला चेहरे कधीच लक्षात राहत नाहीत. गिऱ्हाइकं ती कानांवरून, नाकाच्या हाडावरून ओळखते, त्यावरून दुकानात थट्टाही होते. आठांतल्या एकाच्याच नाकावर दोन खोल, जुने खड्डे होते. चष्मेवाला! तिचं बोट आपोआप उठलं. दुसरा साक्षीदार नव्हता. "सगळं तुमच्या बोटावर आहे, ताई," सरकारी वकील कालच म्हणाले. उद्या कोर्टात तेच बोट पुन्हा उचलायचं होतं.

"काय कटकट आहे?" मालक आतून म्हणाले. "देऊन टाक आणि वाटेला लाव."

दुकानाचा रिवाज असा की आलेल्या प्रत्येक भिंगाचा नंबर मोजून वहीत लिहायचा. सवयीने तिने चष्मा यंत्रावर ठेवला, डोळा लावला, चक्री फिरवली. चार. सहा. साडेसात... तेव्हा कुठे हिरव्या रेघा ठळक झाल्या. उणे आठ. दुसरा डोळाही तेवढाच.

"हा कॉलेजातला," म्हातारी आपली बोलतच होती. "तेव्हापासून नंबर हलला नाही. हल्लीचा पोलीस मारताना फुटला त्याचा. चष्म्याशिवाय ताटातलंसुद्धा चाचपडतो गं. उद्या तारीख आहे. कोण बोट दाखवतंय ते तरी दिसू दे त्याला."

उणे आठ.

"अकरा नंबरची बस लागली वाटतं," त्या दिवशी काउंटरवरचा तो माणूस म्हणाला होता – चष्मा तिच्या हातात असताना, उघड्या डोळ्यांनी, रस्त्यापलीकडच्या बसची पाटी वाचून. आणि त्याची भिंगं पातळ होती, खिडकीच्या काचेसारखी. ही तर बाटलीच्या बुडासारखी. हे तिला आठवत नव्हतं असं नाही. पाच महिने आठवत होतं. फक्त टाचणी लावून कधी उकरलं नव्हतं...

तिने भिंगं नव्या फ्रेममध्ये बसवली. म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताला औषधाचा आंबूस वास होता, आणि आपण अंग चोरलं नाही, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या. "उद्या आवाज चढा ठेव. बोट ताठ. थरथरायचं नाही."

"आई... पकडलेला माणूस तो नसलाच तर?"

देठ मोडणारे हात थांबले. "मग कोण?"

"माहीत नाही."

"पाच महिने मी एकाच तोंडावर थुंकतेय," सासूबाई म्हणाल्या, अगदी हळू. "आता दुसरं तोंड कुठून आणू?"

ती भिंतीकडे वळली. हसणाऱ्या दिराचा फोटो, त्यावरची धूळ, आठ जणांच्या ओळीत समोर कोण आहे तेही न दिसता मिचमिचणारे ते दोन डोळे – आपण त्या मिचमिचण्याला कावेबाजपणा समजलो! आणि पातळ भिंगांचा तो दुसरा, कुठेतरी आरामात जेवत असेल, तिने आवळलेला स्क्रू अजून घट्ट असेल. तिला तो हवा होता. तोच. या म्हातारीचा चाचपडणारा मुलगा नव्हे. अंगातून संताप उसळला, पण उद्या खरं बोललं की तो तर सापडायचा नाहीच, वर या घरात तिच्याशी कोण बोलेल?

तिने मोरीत बोट साबणाने घासलं. नखाच्या कडेला एक हिरवी रेघ राहिलीच.

तिची छकुली नुकतीच बोट दाखवायला शिकली होती. दिवा, खिडकी, काकाचा फोटो. आता तिने ते ओलं, लाळेरं बोट आईच्या नाकावर टेकवलं आणि विचारल्यासारखं हुंकारली. एरवी तिने ते पटकन पुसलं असतं. आज ती तशीच बसली – उद्या कोर्टात म्हातारीच्या मुलाला मी स्पष्ट दिसणार – आणि ते बोट तिने हलवलं नाही.