माळ्यावरची हाळी

"सर, मागं ऐकू येईना, जरा मोठ्यानं बोलता का?"

एवढाच प्रश्न. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? वसतिगृहाच्या खोलीतल्या दोघींनी, लांबडीनं आणि बडबडीनं, मुकीला गाठलं.

"कॉलेज सुरू झाल्यापासून वर्गात तोंड उघडलं नाहीस. उद्या तूच विचार. विचारलंस तर महिनाभर तुझी अंघोळीची बादली आम्ही वाहू."

मुकी काही खरी मुकी नव्हती. माणसं दिसली की तिची दातखीळ बसायची, इतकंच. घरी पाहुणे आले की ही गोठ्यात. दुकानात साबण मागायचा तर बोट दाखवून काम भागवायची. पण रानात? ज्वारी दाण्यात आली की ती माळ्यावर चढायची, चार खांबांवरच्या डुगडुगत्या फळ्यांवर उभी राहून अशी हाळी द्यायची, की पाखरांचा अख्खा थवा उठून शेजाऱ्याच्या रानात जायचा. शेजारी शिव्या घालायचा, तो भाग वेगळा. म्हणजे तिच्याकडं आवाज दोनच. एक ओठांतला, दुसरा माळ्यावरचा. मधला कधी लागलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर फळ्याकडं तोंड करून पुटपुटत होते. लांबडीनं कोपर मारलं. मुकी उठली. ओठांतल्या ओठांत विचारलं. शेजारणीच्या कानापर्यंतसुद्धा पोचलं नाही. बडबडी खुसखुसली. मग मुकीनं डोळे मिटले, छाती भरून घेतली, दोन्ही हात तोंडाशी नेले...

"ओ सऽऽर! ऐकू येईनाऽऽ! मोठ्यानं बोलाऽऽ!"

सरांच्या हातातला खडू खाली. खिडकीतले पारवे भुर्र. वर्गात धरण फुटावं तसं हसू फुटलं.

सर वळले. "हा वर्ग आहे, रान नव्हे. बसा खाली." आणि पुन्हा फळ्याकडं तोंड करून पुटपुटायला लागले.

त्या दिवसापासून मुकीचा भोंगा झाला. जिन्यात पोरं हात तोंडाशी नेऊन "ओ सऽऽर" करायची. दोघींनी बादली वाहिली, नाही असं नाही. पण दोनच दिवस. मग त्यांनाही तिच्यासोबत दिसायची लाज वाटायला लागली. मुकी भिंतीकडं तोंड करून जेवायची. शनिवारी तिनं गादी गुंडाळली आणि गावची गाडी धरली.

आईनं दारातच बघितलं. "सुट्टीला कुणी गादीसकट येतं होय गं?"

"ऊन द्यायचं होतं," मुकी पुटपुटली.

बाबांचा घसा थंडीनं पार बसला होता. फाटक्या भात्यासारखा आवाज. "बरं झालं आलीस. मी आपला डबा बडवतोय. पण पाखरं डब्याला ओळखून आहेत. वाजला की पंगतीचं बोलावणं आल्यासारखी उतरतात! तू राहिलीस चार-सहा आठवडे तर दाणा पदरात पडेल."

"आणि तिचं शिक्षण?" आई म्हणाली. "पोरीला पाखरं हाकायला जन्माला घातली का?"

"मी कुठं सोड म्हणतोय? ती राहते म्हणाली तर."

मुकीच्या जिभेवर आलंच होतं. राहते, बाबा. कायमचीच राहते. पण आईनं तिच्याकडं बघितलं, आणि मुकी गादी उचलून आत गेली.

सकाळी ती माळ्यावर चढली. दवानं ज्वारीची ताटं भिजलेली, काळ्या मातीचा गार वास सुटलेला. तिनं हाळी दिली. थवा उठला, एक गिरकी मारली आणि त्याच कणसांवर येऊन बसला. पुन्हा हाळी, पुन्हा गिरकी. एक पाखरू तर गोफणीचा दगड अंगावरून गेला तरी दोन ताटं सोडून बसलं, आणि लागलं टिपायला. एवढी हाकलाहाकली सोसून एकही म्हणेना, की माझी लाज गेली, आता मी उपाशी मरतो.

मुकीला हसू आलं, रडूही आलं. तिला तर एकदाच हाकललं होतं.

जिन्यातलं "ओ सऽऽर" अजून कानात होतं. खाली बांधाच्या एका टोकाला बाबा डबा घेऊन उभे, दुसऱ्या टोकाला आई वाकून गवत कापत होती.

"मी उद्या परत जाते," मुकी म्हणाली. ओठांतल्या आवाजात.

बाबांनी नुसताच कानामागं हात धरला. आईनं कंबर सरळ केली नि ओरडली, "काय गं? ऐकू येईना! मोठ्यानं बोल!"

मुकीनं छाती भरून घेतली. दोन्ही हात तोंडाशी नेले.

"मी परत जाणाऽऽर! सर पुटपुटले तर पुन्हा ओरडणाऽऽर! बाबा, तुम्ही तेवढा डबा बदलाऽऽ!"