अमावास्येची विश्रांती

अक्कलकोट रस्त्यालगतच्या शिवयोगीअण्णांच्या टॉवेल-कारखान्यात अमावास्येला मागाचा खडखडाट ऐकू येत नसे. जी यंत्रे महिनाभर आपल्यासाठी राबतात, त्यांना एक दिवस निवांतपणा लाभावा, हा अण्णांच्या वडिलांनी घालून दिलेला नेम. त्या दिवशी मागांची देखभाल करणारा वृद्ध जॉबर सिद्धराम प्रत्येक माग पुसून काढी, त्याला विभूतीचे बोट लावी, वर झेंडूचे फूल ठेवी आणि हात जोडी. या नेमाविषयी अण्णांची सून दानेश्वरी हिलाही मनापासून आदर होता.

आज मात्र प्रतिपदा होती, आणि सकाळपासून दानेश्वरीच्या मनात संतापाखेरीज दुसऱ्या कशालाच जागा उरलेली नव्हती.

दहा वाजल्यापासून ती कारखान्याची ई-पत्रपेटी उघडू पाहत होती. नाव लिहावे, पासवर्ड लिहावा, बटण दाबावे. पडदा क्षणभर पांढरा व्हावा आणि पुन्हा तेच नाव-पासवर्ड विचारणारे पान पुढे यावे. पासवर्ड चुकला, असेही ते म्हणत नव्हते. ‘आपले सत्र संपले आहे, पुन्हा प्रवेश करा,’ एवढेच नम्रपणे सांगत होते. उंबरठ्याच्या आत पाऊल पडलेले नसताना सत्र संपले कसे, हे तिने त्या पडद्याला दोनदा मोठ्याने विचारलेही.

पेटीत कोचीच्या खरेदीदाराचे पत्र येऊन पडले होते. सकाळी त्याचा फोन आला होता: नमुना पसंत आहे, किनारीत दोन बदल हवेत, ते पत्रात लिहिले आहेत, मान्य असल्यास पाचपर्यंत याच पत्त्यावरून उत्तर धाडा, एरवी काम दुसरीकडे देऊ. परक्या पत्त्यावरून आलेले उत्तर ते लोक ग्राह्य धरीत नसत. चार हजार टॉवेलांचे काम होते. श्रावणापासून सहा माग कामाविना उभे होते, आणि या कामामागे दानेश्वरीने एक वर्ष घालवले होते. पत्रे परक्याच्या घरी नकोत, आपल्याच छपराखाली हवीत, असा आग्रह धरून दोन वर्षांपूर्वी कारखान्याचा स्वतंत्र सर्व्हर घ्यायला लावणारीही तीच.

सर्व्हर बसवून देणारा प्रदीप नेमका आज मामेभावाच्या लग्नासाठी माढ्याला गेला होता, आणि त्याचा लॅपटॉप सोलापुरातच राहिला होता.

“वहिनी, कॅशे साफ केली का?” फोनवर त्याच्यामागून मंडपातला गलका ऐकू येत होता.

“तीनदा केली. साफ करून करून आता या संगणकात पुसायला काही उरलेलं नाही.”

“दुसऱ्या ब्राउझरमधून बघा.”

“पाहिलं. माझ्या मोबाइलवरून पाहिलं, मामंजींच्या मोबाइलवरूनही पाहिलं. सगळीकडे तेच.”

“मग पासवर्डच...”

“प्रदीपभाऊ, पासवर्डचं नाव काढू नका! सकाळपासून पन्नासदा लिहिलाय. आणखी एकदा लिहिला तर मलाच आठवणार नाही.”

“बरं, वीज गेली होती का?”

“नाही हो. काल तर कारखानाच बंद होता.”

“वहिनी, थांबा जरा, बुद्धवंदना सुरू होतेय,” असे म्हणून त्याने फोन ठेवला. वंदनेच्या वेळी ठेवलेल्या फोनवर रागावताही येईना, याचा तिला अधिकच राग आला.

दाराशी शिवयोगीअण्णा येऊन उभे राहिले. “यव्वा, दोन घास खाऊन घे. ते यंत्र काही पळून जात नाही.”

“यंत्र नाही जात, मामंजी, पाच वाजून जातील.”

अण्णा जेवणाचा डबा टेबलावर ठेवून वळले. हा सर्व्हर घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “आपल्याला हे सांभाळता येईल ना?” तो प्रश्न त्यांनी आज पुन्हा उच्चारला नाही, तरी तिला तो ऐकू आला.

तिने सिद्धरामला बोलावले. कार्यालयाच्या रंगकामामुळे गेल्या आठवड्यातच सर्व्हर मागांच्या शेडमधल्या कोठीत हलवला होता. “सिद्धरामकाका, कोठीतल्या त्या काळ्या पेटीला कुणी हात लावला का?”

“न्हाय वैनी. हितं कोन लावतंय हात? मी हाय की.”

“कुणी काही बिघडवलं?”

“बिघडवतंय कशाला? माजी नजर असती.”

चारला प्रदीपचा फोन आला. “वहिनी, जेवताना सुचलं. सर्व्हरला पडदा आणि कीबोर्ड जोडा, आणि त्याच्या घड्याळात किती वाजलेत ते सांगा.”

पडदा आणि कीबोर्ड काखेत घेऊन ती कोठीत गेली; सिद्धरामही मागोमाग आला. काळ्या पेटीवर विभूतीची तीन बोटे उमटली होती, आणि वर एक टवटवीत झेंडू होता.

पडदा उजळला. त्यावरील तारीख वाचून ती म्हणाली, “एक जानेवारी, दोन हजार एकोणीस.”

“हां! आतला सेल मेलाय. वीज बंद झाली की त्याचं घड्याळ मागं जातं. आत जाताना सर्व्हर तुम्हाला अर्ध्या तासाचा पास देतो. त्याच्या घड्याळाप्रमाणे त्यावर सालच जुनं पडतं, म्हणून ब्राउझर तो पास हातात पडताक्षणी फेकून देतो. पण मशीन बंद केलं कुणी?”

दानेश्वरीने झेंडू उचलला आणि सिद्धरामसमोर धरला. “हात लावला नव्हता ना, काका?”

“हात कुटं लावला?” सिद्धराम खरोखरच दुखावला. “पुसलं, विभूती लावली, मेन काडून दिवसभर इसावा दिला. मागाच्या पंगतीत ठिवलंय तुमी, मग ते बी यंत्रच की! समद्यास्नी सुट्टी आन् त्यालाच न्हाय व्हय?”

वाद घालायला वेळ नव्हता; चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. प्रदीपने एकेक अक्षर सांगितले, मध्येच कुणाला तरी “अरे, वाढू नको, पुरे!” असे ओरडून तेही तिच्याकडून लिहविले, मग खोडविले. अखेरीस आजची तारीख सर्व्हरच्या कपाळी लागली. ती कार्यालयाकडे धावली, नाव लिहिले, पासवर्ड लिहिला, डोळे मिटून बटण दाबले.

पेटी उघडली.

किनार दोन बोटे रुंद हवी होती, आणि निळ्याऐवजी मोरपंखी. तिने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी मागांकडे मान वळवून क्षणभर विचार केला. “होईल,” ते म्हणाले. पाचला आठ मिनिटे कमी असताना उत्तर गेले, आणि थोड्याच वेळात कोचीहून पोच आली.

मग तिने जेवणाचा डबा उघडला. सिद्धराम दाराशी घुटमळत होता. घड्याळजीकडे मिळतो तसला चपटा सेल आणायला तो स्वतःच निघाला होता.

“काका, यापुढे फूल वाहा, विभूती लावा. पण मेन काढायचा नाही. रात्रंदिवस, बारा महिने ते चालूच राहायला हवं.”

“बारा म्हैने?” सिद्धरामने कोठीकडे कळवळून पाहिले. “मग हेला सुट्टी कवा वो, वैनी?”

थंड भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला. काल अमावास्येला सारा कारखाना बंद असताना याच खुर्चीत बसून आपण कोचीच्या फोनची वाट पाहत होतो, हे तिला आठवले.

“आधी सेल आणा,” ती म्हणाली.